दुधाच्या पिशवीवरील अक्षरे

पहाटे दाराच्या कडीला अडकविलेल्या थैलीत दुधाची पिशवी येऊन पडते. घरातील कोणीतरी ती नळाखाली धरते, कोपरा कापते, दूध पातेल्यात ओतते, आणि चहाला आधण येईतो त्या पिशवीचा सर्वांना विसर पडलेला असतो. तिच्यावर तीन-चार रंगांत काही छापलेले असते हे आपण रोज पाहतो; पण ते वाचीत नाही, आणि ते तेथे उमटले कसे हा प्रश्न तर क्वचितच कोणाच्या मनात येतो. वास्तविक तो प्रश्न सोपा नाही. वहीतील शाईच्या अक्षरावर पाण्याचा एक थेंब पडला तरी ते पसरते. ही पिशवी मात्र बर्फाच्या गारव्यात राहते, दुसऱ्या पिशव्यांशी घासते, ओली होते, पुन्हा सुकते. तरीही तिच्यावरील अक्षर जागचे हलत नाही.

विज्ञानाच्या तासाला आम्ही एकदा वर्गात एक प्रयोग केला. एका खोडरबरावर पात्याने उलटा ‘क’ कोरला, शिक्क्याच्या गादीवरील निळी शाई त्यास लावली आणि तो प्रथम कागदावर उठविला. अक्षर सुरेख उमटले. मग तोच ठसा दुधाच्या धुतलेल्या पिशवीच्या आतील, न छापलेल्या बाजूवर उठविला. तेथे मात्र शाईचे बारीक बारीक थेंब झाले, अळूच्या पानावर पाणी गोळा व्हावे तसे. आणि अर्ध्या मिनिटाने एका विद्यार्थ्याने बोट फिरविताच ‘क’ नाहीसा होऊन निळा फरांटा तेवढा राहिला. कागद शाई पितो, प्लास्टिक पीत नाही, हे त्या दिवशी सर्वांस न सांगता कळले. पिशवी छापणाऱ्या कारागिरापुढे हीच अडचण रोज उभी असते. तीतून त्याने जी वाट काढली, तिला फ्लेक्सोग्राफी, किंवा बोलण्यात नुसते फ्लेक्सो, असे नाव आहे.

येथेच एक गैरसमज दूर केलेला बरा. चौकाचौकांत वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जे प्रचंड फलक लागतात, त्यांस आपल्याकडे ‘फ्लेक्स’ म्हणण्याची रूढी पडली आहे. त्यांचा या मुद्रणाशी काही संबंध नाही. ते फलक संगणकाच्या हुकमाने शाईचे सूक्ष्म तुषार उडवून रंगविलेले असतात. तेथे ठसा म्हणून नसतोच. फ्लेक्सो हे मात्र ठशाचे मुद्रण आहे, आपल्या खोडरबराच्या ‘क’चे थोरले भावंड.

मुद्रणाच्या जुन्या पद्धतींची मुख्यतः तीन घराणी मानता येतील. पहिल्यात छापावयाचा भाग उंच असतो. शिशाच्या खिळ्यांनी छापलेल्या ज्या पोथ्या आणि पंचांगे आपल्या आजोबांच्या कपाटात सापडतात, ती या घराण्यातील. दुसऱ्यात छापील आणि कोरा भाग एकाच पातळीवर असतो, आणि तेलकट शाई व पाणी एकमेकांस दूर सारतात एवढ्या गुणावर सारे काम चालते. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात ज्यांची चित्रे आहेत त्या राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईस छापखाना काढला, तो या जातीच्या शिळामुद्रणाचा. लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी त्यातूनच घरोघर गेल्या. आजची वर्तमानपत्रे आणि पाठ्यपुस्तके ज्या ऑफसेट यंत्रावर निघतात तेही याच घराण्यातील. तिसऱ्या घराण्यात छापावयाचा भाग तांब्याच्या रुळात खोल कोरलेला असतो, आणि खड्ड्यात साचलेली शाई कागद उचलून घेतो. त्यास ग्रॅव्हूर म्हणतात. फ्लेक्सो हे पहिल्या घराण्यातील, म्हणजे उंच ठशाचे. भेद एवढाच की, येथे ठसा शिशाचा नसून मऊ असतो.

या मऊपणात सारे मर्म आहे. उन्हाळ्यात कोकणातून हापूसच्या पेट्या आपल्या गावी येतात. पूर्वी त्या लाकडी फळ्यांच्या असत, आता बहुधा पुठ्ठ्याच्या असतात. त्या पुठ्ठ्याची कड निरखून पाहिली म्हणजे दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी कागद चिकटविलेला दिसतो. पेटीचे सारे बळ त्या नागमोडी कागदात आहे. शिशाचा किंवा तांब्याचा कठीण ठसा जोराने त्यावर दाबला तर अक्षरे उमटतील, पण ती नागमोड चिरडेल आणि एकावर एक दहा पेट्या रचताच तळची पेटी बसेल. रबरासारखा मऊ ठसा मात्र खोलगट जागी थोडा फुगून, उंच जागी थोडा दबून, हलक्या स्पर्शाने काम भागवितो. तरी पुठ्ठा आपले रूप थोडेसे दाखवितोच. पेटीवरील एखादा मोठा रंगीत पट्टा तिरप्या उजेडात धरून पाहावा. एक गडद, एक फिकी अशा बारीक समांतर रेघा दिसतील. खालच्या नागमोडीचे कंगोरे जेथे आहेत तेथे रंग गडद आणि मध्ये फिका. पातळ प्लास्टिकचेही असेच आहे. दुधाच्या पिशवीचा पापुद्रा सुमारे पन्नास मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा हिस्सा जाड असतो. दाबला की ताणला जाणारा. कठोर हात त्यास सोसत नाही.

ही युक्ती एकाएकी सुचलेली नाही, आणि पहिल्या प्रयत्नात तर ती चक्क फसली. इंग्लंडात लिव्हरपूल येथे बिबी, बॅरन आणि मंडळी या नावाची कागदी पिशव्यांची पेढी होती. तिने १८९० साली या प्रकारचे यंत्र बनविले. त्यात पाण्यात कालवलेली शाई वापरली जाई. ती लवकर सुके ना, पिशवीवर फासली जाई. लोकांनी त्या यंत्रास ‘बिबीचे खूळ’ असे नाव ठेवले. आमच्या वर्गातील निळा फरांटा आणि बिबीचे खूळ हे एकाच जातीचे, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत ही पद्धत रबराच्या ठशांनी चालू लागली, आणि तेथे तिला रबरमुद्रण याच अर्थाचे नाव मिळाले. या वेळी शाई पाण्याची नव्हती. डांबरातून काढलेले अनिलीन रंग अल्कोहोलात विरघळवून ती केलेली होती. यात दोन लाभ होते. अल्कोहोल झटकन उडून जाते आणि रंग मागे राहतो, म्हणून शाईला कागदाने पिण्याची वाट पाहावी लागत नाही. दुसरे असे की, छापखान्याच्या नेहमीच्या तेलकट शाईने रबर फुगते आणि ठशाचा आकार बिघडतो. अल्कोहोलाने तसे होत नाही. म्हणून मऊ ठसा आणि उडून जाणारी शाई यांची जोडी जमली ती आजतागायत टिकली आहे. या पद्धतीस इंग्रजी मुलखात ‘अनिलीन छपाई’ म्हणत. अनिलीन हा शब्द परका वाटतो, पण तो आपल्याच घरचा आहे. १८२६ साली हे द्रव्य प्रथम निळीपासून मिळाले. पुढे त्यास जे नाव पडले ते निळीच्या पोर्तुगीज नावावरून. ते पोर्तुगीज नाव अरबीतून गेलेले, आणि अरबीत ते आपल्या संस्कृत ‘नील’ शब्दापासून पोहोचलेले. गावोगाव फिरून माहेरी परतलेल्या लेकीसारखा हा शब्द आहे.

परंतु हेच नाव पुढे या मुद्रणाच्या मुळावर आले. सेलोफेनसारखी पारदर्शक वेष्टने निघाल्यावर अमेरिकेत खाद्यपदार्थांच्या पुड्या अनिलीन पद्धतीने छापल्या जाऊ लागल्या होत्या. १९४० नंतरच्या दशकात तेथील अन्न व औषध प्रशासनाने अनिलीन रंग अन्नाच्या वेष्टनास अयोग्य ठरविले, आणि या छपाईचा धंदा एकदम बसला. छापणाऱ्यांनी दुसरे, निर्धोक रंग शोधून काढले. १९४९ साली नव्या शायांस मान्यताही मिळाली. पण शाई बदलली तरी नाव तेच राहिले होते, आणि त्या नावाची भीती जाईना. अन्नपदार्थ बनविणारे कारखानदार ‘अनिलीन’ हा शब्द ऐकताच मागे सरत. तेव्हा या व्यवसायातील फ्रँकलिन मॉस नावाच्या गृहस्थांनी आपल्या पेढीच्या नियतकालिकातून वाचकांकडे नवे नाव मागितले. दोनशेंहून अधिक नावे आली. त्यांतून तीन निवडली गेली, त्यांवर टपालाने मते घेण्यात आली, आणि २१ ऑक्टोबर १९५२ रोजी ‘फ्लेक्सोग्राफी’ हे नाव ठरले. नाव बदलून दोष झाकला, असा आक्षेप कोणी घेईल. तो येथे लागू पडत नाही, कारण दोष आधी काढला आणि नाव मागाहून बदलले. क्रम उलटा असता तर मात्र आम्ही त्या मंडळींची तरफदारी केली नसती. शाई अन्नाच्या किती जवळ जाते हा प्रश्न मात्र त्या नावाबरोबर संपला नाही. तो आजही आपल्या स्वयंपाकघरात आहे, आणि त्याकडे आपण पुढे वळणार आहोत.

आता यंत्राकडे जाऊ. पेनात शाई जास्त उतरली तर डाग पडतो, कमी उतरली तर अक्षर तुटते. मिनिटाला तीनशे-चारशे मीटर वेगाने धावणाऱ्या पापुद्र्यावर सारखीच शाई कशी पडावी? यासाठी फ्लेक्सो यंत्रात एक विलक्षण रूळ असतो, त्याचे नाव अनिलॉक्स. जुन्या अनिलीन नावाची खूण एवढ्या एका शब्दात उरली आहे. हा रूळ वरवर गुळगुळीत दिसतो. पण त्याच्या अंगावर मधमाशीच्या पोळ्यासारख्या षट्कोनी, डोळ्यांस न दिसणाऱ्या खळग्या असतात. पूर्वी पोलादावर त्या यंत्राने दाबून उठवीत आणि वर क्रोमियमचा मुलामा देत. आता रुळावर चिनी मातीसारख्या कठीण द्रव्याचा थर देऊन लेसर किरणांनी त्या कोरतात. एका सेंटीमीटरात चारशे खळग्यांची ओळ धरली, तर एका चौरस सेंटीमीटरात दीड लाखाहून अधिक खळग्या झाल्या. रूळ शाईत फिरतो, खळग्या भरतात, आणि एक पातळ पट्टी वरची जादा शाई निपटून काढते. किराणा दुकानदार मापटे भरून वरून हात फिरवतो, अगदी तसे. त्या पट्टीला धंद्यात डॉक्टर म्हणतात. प्रत्येक खळगी म्हणजे एक माप, आणि प्रत्येक माप काठोकाठ भरलेले. ते ठशाच्या उंच भागावर रिते होते, आणि ठसा ते पिशवीवर पोहोचवितो.

हे माप किती लहान, याचा हिशेब करून पाहावा. समजा, रुळाच्या एका चौरस मीटरवरील सर्व खळग्यांत मिळून चार घन सेंटीमीटर शाई मावते. अर्ध्या लिटरच्या पिशवीच्या दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरचा विसावा हिस्सा धरू. तेवढ्या जागेच्या वाट्याला ०.२ घन सेंटीमीटर शाई आली. खळग्या कधीच पुऱ्या रित्या होत नाहीत. निम्मी शाई बाहेर आली असे मानले, तर उरली ०.१ घन सेंटीमीटर. म्हणजे औषधाच्या नळीतील अवघे दोन थेंब! संपूर्ण पिशवी एका रंगाने माखावयाची तरी दोन थेंब पुरतात, आणि त्यांतील अल्कोहोल उडून गेल्यावर रंगाचा जो थर मागे राहतो तो एक-दोन मायक्रॉनांचा असतो. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनांच्या आसपास जाड असतो, एवढे सांगितले म्हणजे कल्पना येईल.

प्रत्येक रंगास स्वतंत्र ठसा आणि स्वतंत्र अनिलॉक्स लागतो. प्लास्टिकसाठी बहुधा असे यंत्र घेतात की, मध्ये पुरुषभर उंचीचे एक मोठे पिंप, आणि त्याच्याभोवती सहा-आठ रंगांची ठाणी. पापुद्रा त्या पिंपाला चिकटून जातो. त्यामुळे एका रंगापासून दुसऱ्या रंगापर्यंतच्या वाटेवर त्यास ताणण्यास वावच राहत नाही, आणि निळ्याच्या जागी निळा व लालाच्या जागी लाल नेमका बसतो. दोन ठाण्यांच्या मध्ये गरम हवेचा झोत असतो. पहिला रंग सुकल्यावाचून दुसरा त्यावर चढवावयाचा नाही. मे महिन्यात, जेव्हा आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा भांड्यातीलच अल्कोहोल उडू लागते, शाई दाट होते, आणि सकाळचा निळा दुपारी गडद निळा होतो. म्हणून यंत्र चालविणारा तळाशी भोक असलेला एक छोटा पेला शाईत बुडवून वर उचलतो आणि तो रिता होण्यास किती सेकंद लागतात हे घड्याळात पाहतो. सेकंद वाढले की थोडे द्रावण घालावयाचे. इतक्या महागड्या यंत्राची लाज राखणारे हे साधन कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत बनविता येण्यासारखे आहे.

ठसा पूर्वी रबरावर हाताने कोरीत, पुढे साच्यात घालून घडवू लागले. १९७० नंतरच्या दशकात फोटोपॉलिमर नावाचे द्रव्य प्रचारात आले. त्याचा गुण असा की, अतिनील किरण जेथे पडतात तेथे ते घट्ट होते; जेथे पडत नाहीत तेथला भाग धुऊन काढता येतो. अक्षरांपुरता प्रकाश आत सोडला, बाकी झाकले, मग ताट धुतले, की अक्षरे उंच उभी राहतात. त्यांचा आकार डोंगरासारखा असतो, शिखर अरुंद आणि पायथा रुंद. म्हणूनच यंत्रावर ठसा नुसता टेकवावयाचा असतो. जोर केला की शिखर दबते, उताराचा भाग टेकतो, आणि बारीक ठिपक्याचा मोठा ठिपका होतो.

आता गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी थोडे. ठसा सपाट असताना तयार होतो आणि मग रुळाभोवती गुंडाळला जातो. खोडरबरावर पेनाने एक वर्तुळ काढावे आणि ते खोडरबर एखाद्या बाटलीला वाकवून लावावे. वर्तुळ लांबट झालेले दिसेल. ठशाचेही असेच होते. समजा, ठशाच्या तळाशी न ताणला जाणारा पातळ पापुद्रा आहे आणि त्यावर मऊ भागाची जाडी १.५ मिलिमीटर आहे. तळाच्या वर्तुळाची त्रिज्या ‘त्र’ असेल तर माथ्याच्या वर्तुळाची त्रिज्या त्र + १.५. दोन परिघांतील फरक २ × ३.१४ × १.५, म्हणजे सुमारे ९.४ मिलिमीटर. ‘त्र’ समीकरणातून निघूनच गेला, ही यातील मौज! रूळ हाताएवढा असो की विहिरीएवढा, फरक तोच. पृथ्वीभोवती दोरी बांधून ती सर्व बाजूंनी एक मीटर उचलावयाची तर किती दोरी जास्त लागेल, या जुन्या कोड्याचे उत्तर ज्यांनी सोडविले असेल त्यांस हे चटकन पटेल.

छापून निघावयाचा नमुना ४०० मिलिमीटर लांबीचा असेल, तर सपाट ठशावर तो ३९०.६ मिलिमीटरच काढावा लागतो, म्हणजे आधीच आखूड करून. ही दुरुस्ती विसरली तर पिशवीवरचे ५० मिलिमीटरचे वर्तुळ एका दिशेने ५१.२ मिलिमीटरचे होते, आणि चंद्राचा चक्क आंबा होतो. दुकानात यंत्राने वाचावयाच्या ज्या काळ्या उभ्या रेघा असतात, त्याही याच कारणाने शक्यतो पापुद्र्याच्या धावण्याच्या दिशेने लावतात. रेघ लांबीत थोडी ताणली तर बिघडत नाही, जाडीत ताणली तर यंत्र चुकते.

आता वर्गातील त्या फसलेल्या प्रयोगाकडे परत येऊ. शाई लवकर सुकली म्हणून ती पॉलिथिनला धरून राहील असे नाही. ज्यावर ती पसरतच नाही, त्यास ती चिकटणार कशी? यासाठी छापण्यापूर्वी पापुद्रा विजेच्या एका पट्टीखालून नेतात. तेथे उच्च दाबाची वीज हवेतून झिरपते, जांभळसर उजेड पडतो, आणि पापुद्र्याच्या अगदी वरच्या थरातील रेणूंस प्राणवायू जोडला जातो. मग शाईचे थेंब गोळा न होता पसरतात. या प्रक्रियेचे नाव कोरोना. ज्या रोगाने २०२० साली शाळा बंद केल्या त्याच्याशी तिचे नाते केवळ नावाचे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मुकुट, तो त्या विषाणूस आकारावरून मिळाला आणि या विजेस तिच्या प्रभेवरून. ही संस्कारित बाजू कालांतराने पुन्हा मूळपदावर येते, म्हणून पापुद्रा फार दिवस ठेवून छापीत नाहीत. छापल्यावर कारागीर साधी चिकटपट्टी त्यावर घट्ट लावून झटक्यात ओढतो. पट्टीबरोबर रंग निघाला तर सारा माल नापास.

आमच्या दृष्टीने या मुद्रणात देवनागरीची जी परीक्षा होते तीही सांगण्याजोगी आहे. फ्लेक्सोत शाई दाबाने कडेकडेस सरकते, त्यामुळे अक्षरांतील लहान पोकळ्या भरून येतात. रोमन लिपीत ही अडचण थोडी. आपल्या ‘क्ष’, ‘श्र’, ‘द्ध’ या अक्षरांत मात्र पोकळ्याच पोकळ्या! गडद रंगात कोरे ठेवलेले बारीक अक्षर तर हमखास बुजते. उलट अनुस्वार हा एकटा उभा ठिपका. तो फार लहान काढला तर ठसा धुताना पायथ्यासकट निघून जातो, आणि जोर पडला तर फुगतो. किराणा दुकानात उभे राहून आम्ही पुड्यांवरचे शब्द वाचतो तेव्हा कोठे ‘शेंगदाणे’चे ‘शेगदाणे’ झालेले आढळते, आणि प्रूफ तपासणाऱ्यास दोष द्यावा की ठशास, हे ठरविणे कठीण जाते. ज्याला अक्षरांची आखणी करावयाची आहे, त्याने पोकळी मोठी आणि अनुस्वार ठसठशीत ठेवला तर अर्धे काम झाले.

घरात भिंग असेल तर छापील वस्तू कोणत्या घराण्यातील हे ओळखता येते. दुधाच्या पिशवीवरील एखादे जाड अक्षर भिंगाखाली धरावे. त्याच्या कडेने एक गडद किनार आणि तिच्या आत किंचित फिका पट्टा दिसेल, जणू अक्षराला काठ लावला आहे. दाबाने शाई कडेला सरकल्याची ती खूण, ही फ्लेक्सोची. बिस्किटांच्या पुड्याचे अक्षर पाहिले तर बहुधा त्याची कड करवतीच्या दात्यांसारखी दिसेल. ती ग्रॅव्हूरची, कारण तेथे अक्षरसुद्धा खड्ड्यांनीच बनलेले असते. आपल्या देशात बिस्किटे, वेफर्स यांची चकचकीत वेष्टने बहुतांशी ग्रॅव्हूरवरच निघतात, आणि दुधाच्या पिशव्या व पुठ्ठ्याच्या पेट्या बहुतांशी फ्लेक्सोवर. ग्रॅव्हूरचे तांब्याचे रूळ कोरण्यास खर्च फार, म्हणून लाखो नग काढावयाचे असतील तरच ते परवडते. फ्लेक्सोचा ठसा त्या मानाने स्वस्त आणि झटपट होतो.

आता अन्नाचा प्रश्न. दूध पिशवीच्या आत, शाई बाहेर. मग भीती कशाची, असे वाटेल. परंतु छापलेला पापुद्रा कारखान्यात मोठ्या गुंडाळीच्या रूपाने ठेवला जातो. गुंडाळीत प्रत्येक थराची छापील बाजू पुढच्या थराच्या आतील बाजूस घट्ट टेकलेली असते, आणि तीच आतील बाजू उद्या दुधास लागावयाची असते. शाई पुरती सुकली नसेल तर तिचा डोळ्यांस न दिसणारा अंश तिकडे उतरू शकतो. म्हणून सुकविण्याच्या झोतात थोडी कसूर झाली तरी ती केवळ देखणेपणाची चूक राहत नाही. आपल्याकडे २०१८ सालच्या अन्नवेष्टनाच्या नियमांनी अन्नाच्या वेष्टनावरील शाईसाठी भारतीय मानक लागू केले आहे, आणि वेष्टनाची छापील बाजू अन्नास प्रत्यक्ष लागता कामा नये असेही सांगितले आहे.

कारखान्याने हे पाळले तरी घरी आपण काय करतो? दुधाची पिशवी धुऊन, उलटी करून दोरीवर वाळत घालणे ही आपल्या घरांतील जुनी काटकसर आहे, आणि टाकून देण्यापेक्षा ती कितीतरी चांगली. पण पुष्कळदा ती उलटी पिशवी तशीच उलटी भरली जाते. कढीपत्ता, खोवलेला नारळ, भिजवलेली मटकी तिच्यात जाते आणि शीतपेटीत बसते. म्हणजे जी बाजू दुधाबाहेर राहावी म्हणून इतका खटाटोप केला, ती आपण आपल्या हातांनी अन्नाच्या अंगाला लावतो! पिशवी वाळल्यावर पुन्हा सुलटी करावी. याला फुंकरीएवढाही वेळ लागत नाही. तसेच पिशवीचा कोपरा दातांनी तोडण्याची सवय अनेकांस असते. त्या कोपऱ्यावरही शाई असते, आणि तो तुकडा हरवतो तो वेगळाच.

यापेक्षा गंभीर गोष्ट रस्त्यावर घडते. सकाळी कढईतून निघालेला फाफडा, तळलेली भजी, वडे वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवून आपल्या हाती येतात. वर्तमानपत्राची शाई फ्लेक्सोच्या शाईसारखी उडून सुकत नाही. ती काजळी आणि तेल यांची असते, कागदात जिरते आणि तेथेच राहते. म्हणून सकाळचा अंक वाचल्यावर बोटे काळी होतात. त्या कागदावर कढत तेल पडले की जिरलेली शाई पुन्हा मोकळी होते आणि खाद्यपदार्थात शिरते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये याविरुद्ध सूचना काढली होती, आणि वर सांगितलेल्या २०१८ च्या नियमांत अन्न बांधण्यास व ठेवण्यास वर्तमानपत्र वापरण्यास स्पष्ट मनाई आहे. तरीही गाड्यांवर तो कागद दिसतो. गाडीवाल्याशी हुज्जत घालण्यापेक्षा घरून डबा नेणे आम्हांस अधिक सोपे वाटते. डबा पुढे केला तर आजवर कोणी नाही म्हटलेले नाही.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. पिशवीवर सारी अक्षरे सुबक असतात, पण वापराची तारीख पाहिली तर ती बहुधा वाकडी, ठिपक्याठिपक्यांची, किंवा अस्पष्ट दाबलेली असते. ती फ्लेक्सोने छापलेली नसते. ठसा एकदा केला की त्यावरून हजारो पिशव्या निघतात, आणि सर्वांवर अक्षरशः तेच उमटते. तारीख तर रोज निराळी. म्हणून गुंडाळी डेअरीत पोहोचल्यावर, पिशवी भरण्याच्या यंत्राशीच बसविलेले एक छोटे उपकरण दूध आत पडण्याच्या बेतात असताना ती उमटविते. उद्या सकाळी पिशवी नळाखाली धरताना दोन्ही अक्षरे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. त्यांतील एक काही आठवड्यांपूर्वी कोठल्यातरी छापखान्यात उमटलेले, आणि दुसरे आदल्या रात्रीचे.